पेशींच्या पुटिका आणि मोजमापाची शिस्त

मुरुड-जंजिऱ्याच्या वाड्यांतील सुपारी झाडावरून उतरली की लगेच बाजारात जात नाही. ती उन्हात वाळते, सोलली जाते, तिची निवड होते आणि लहान-मोठी, निकी-किडकी वेगळी झाल्यावरच तिला भाव मिळतो. न निवडलेल्या ढिगाला कोणी भाव सांगितला तर तो निव्वळ अंदाज असतो, हे वाडीवाल्याला शिकवावे लागत नाही. आश्चर्याची गोष्ट अशी की, एवढी साधी बाब आधुनिक जीवशास्त्राच्या एका अत्यंत प्रतिष्ठित शाखेला गेल्या दशकाहून अधिक काळ स्वतःला पुन्हा पुन्हा बजावून सांगावी लागत आहे. ही शाखा म्हणजे पेशीबाह्य पुटिकांचा अभ्यास. या शाखेतील प्रमाणांचा वाद वरकरणी प्रयोगशाळांच्या चार भिंतींतला दिसतो. तथापि त्याचा निकाल कसा लागतो, यावर मुरुडसारख्या आडबाजूच्या तालुक्यातील माणसाच्या पदरात या संशोधनातून काय पडणार, हे बव्हंशी अवलंबून आहे.

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आवरणाचे सूक्ष्म बुडबुडे बाहेर सोडीत असते. रक्त, लघवी, लाळ, दूध, सांध्यातील द्रव अशा सर्व द्रवांत हे बुडबुडे आढळतात. त्यांनाच पेशीबाह्य पुटिका म्हणतात. त्यांतील लहानांचा व्यास तीस ते दीडशे नॅनोमीटरांच्या घरात असतो. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा शेकडो पुटिका एका ओळीत सहज बसतील. प्रत्येक पुटिकेत जिने ती सोडली त्या पेशीची काही प्रथिने, काही मेदद्रव्ये आणि काही आरएनए रेणू असतात. म्हणजे पेशीने आपल्या घरातला थोडासा ऐवज पुरचुंडीत बांधून बाहेर टाकावा, असा हा प्रकार आहे.

या पुरचुंड्यांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९४६ साली एर्विन शारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट यांना रक्त गोठण्याच्या क्रियेचा अभ्यास करताना रक्तद्रवात वेगाने घुसळल्यावर तळाशी बसणारे काही सूक्ष्म कण आढळले. १९६७ साली पीटर वुल्फ यांनी रक्तबिंबिकांपासून निघणाऱ्या अशाच कणांना ‘धूळ’ म्हटले. १९८३ साली अमेरिकेतील सेंट लुई येथे उंदरांच्या आणि कॅनडातील माँट्रियल येथे मेंढ्यांच्या अपक्व तांबड्या पेशींवर काम करणाऱ्या दोन गटांनी, पेशी आपल्या पृष्ठभागावरील एक प्रथिन अशा पुटिकांतून बाहेर टाकतात, हे स्वतंत्रपणे दाखवून दिले. माँट्रियलच्या रोझ जॉन्स्टन यांनी १९८७ मध्ये त्यांना ‘एक्झोसोम’ हे नाव दिले. पुढे बराच काळ पुटिका म्हणजे पेशीचा केरकचरा, अशीच सर्वसाधारण समजूत होती. १९९६ मध्ये प्रतिकारसंस्थेच्या पेशी पुटिकांचा उपयोग परस्परांना सूचना देण्यासाठी करतात, असे दिसून आले. त्यानंतर २००७ मध्ये स्वीडनमधील यान लोटव्हाल यांच्या गटाने एका पेशीचा आरएनए पुटिकांमार्फत दुसऱ्या पेशीत पोहोचतो, असा शोध प्रसिद्ध केला आणि चित्र पालटले. कालपर्यंतचा कचरा आज टपाल ठरला.

टपाल म्हटले की ते फोडून वाचण्याचा मोह आलाच. कर्करोगाची गाठ शरीरात कोठेही दडलेली असो, तिच्या पेशी पुटिका सोडणारच, आणि त्या रक्तात किंवा लाळेत येणारच. मग सुरी न लावता, तुकडा न काढता, एका थेंबावरून रोग का ओळखता येऊ नये? ही कल्पना इतकी मोहक आहे की तिच्यामागे जगभरच्या प्रयोगशाळा, कंपन्या आणि अनुदाने धावली यात नवल नाही. तिच्यात तथ्यही आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे यांच्या गटाने, तरुण उंदरांच्या अस्थिमज्जेतील आधारपेशींच्या पुटिका वृद्ध उंदरांच्या रक्तजनक मूळ पेशींना नवी उभारी देऊ शकतात, असे २०१८ मध्ये दाखवले. महाराष्ट्रातही या विषयाचे गंभीर काम झाले आहे, हे यावरून ध्यानात यावे.

मग मुरुडचा या साऱ्याशी संबंध कोणता? संबंध आहे तो लाळेचा. भारतीय पुरुषांत आढळणाऱ्या कर्करोगांत मुखाचा कर्करोग अग्रभागी आहे. त्यामागे तंबाखू आहे आणि सुपारीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीचा समावेश मानवाला निश्चितपणे कर्करोगकारक ठरलेल्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात केला. सुपारीच्या सततच्या चघळण्याने तोंडाच्या आतली त्वचा ताठर होत जाते, तोंड पुरते उघडेनासे होते आणि पुढे त्यातूनच काहींना कर्करोग जडतो. ज्या पिकावर मुरुड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरील घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत, त्याच पिकाबद्दलचे हे निदान कोणालाही सुखाचे वाटणारे नाही. पण ते नाकारूनही भागणार नाही.

अशा प्रदेशात लाळेच्या थेंबावरून मुखाचा कर्करोग वेळीच ओळखणारी चाचणी निघाली तर ते वरदानच ठरेल. मुरुडच्या रुग्णाला तपासणीसाठी परळचे टाटा स्मारक रुग्णालय किंवा त्याच संस्थेचे खारघरचे केंद्र गाठायचे, तर साळाव-रेवदंडा, अलिबाग, पेण, पनवेल असा सबंध जिल्हा ओलांडावा लागतो. खारघर हे रायगड जिल्ह्यातच मोडते, ही नकाशावरची सोय आहे. रुग्णाचा तो दिवस मात्र जातोच. पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या प्रवासी लाँचीही बंद असतात. रुग्णाऐवजी लाळेची एक कुपी गेली तर किती खेपा वाचतील! म्हणूनच ही चाचणी खरी की केवळ आशेची, हे ठरवणारी शिस्त हा पंडितांचा विषय म्हणून सोडून देता येत नाही.

ढीग आणि निवड

अडचण सुरू होते ती पुटिका वेगळ्या काढण्यापासून. रूढ पद्धत अशी की, रक्तद्रव किंवा लाळ सेंट्रिफ्यूज यंत्रात टप्प्याटप्प्याने अधिकाधिक वेगाने फिरवायची. शेवटच्या टप्प्यात गुरुत्वाकर्षणाच्या एक लाख पट जोर लावला म्हणजे जे तळाशी बसते ते पुटिका समजायचे. पण तळाशी केवळ पुटिकाच बसत नाहीत. रक्तातील चरबी वाहून नेणारे लिपोप्रोटीन कण संख्येने पुटिकांहून कितीतरी पटींनी अधिक असतात. त्यांतल्या काहींची घनता पुटिकांएवढी, तर काहींचा आकार पुटिकांएवढा. भरपेट जेवणानंतर घेतलेल्या रक्तात त्यांची गर्दी आणखी वाढते. प्रथिनांचे गोळे, फुटलेल्या पेशींचे तुकडे, लाळेत तर तोंडातल्या जिवाणूंनी सोडलेल्या त्यांच्या स्वतःच्या पुटिका, असा सारा गोतावळा त्या तळाशी जमतो. कणांची संख्या मोजणारी जी यंत्रे आज सर्रास वापरली जातात, ती प्रकाशाच्या झोतात हलणारा प्रत्येक ठिपका मोजतात. तो ठिपका पुटिकेचा की चरबीचा, हे सांगणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. अशा यंत्राने एका मिलीलिटरमध्ये इतके अब्ज एक्झोसोम दाखवले, असे वाक्य एखाद्या निबंधात किंवा जाहिरातीत आले, तर ती न निवडलेल्या ढिगाची मोजदाद आहे असे खुशाल समजावे.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. पेशी वाढवण्यासाठी ज्या द्रवात त्या ठेवतात, त्यात बहुधा गायीच्या गर्भाच्या रक्तातील सीरम घातलेले असते. त्या सीरममध्ये गायीच्या पुटिका असतातच. संशोधक ज्या मानवी पेशींच्या पुटिका म्हणून अभ्यासतो, त्यांत काही भाग गोठ्यातून आलेला असण्याची शक्यता राहते. ती दूर केली की नाही, केली तर कशी, हे लिहून ठेवले नाही तर पुढच्याला ते कधीच कळणार नाही.

या शंका केवळ तर्काच्या नाहीत. २०११ मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथील संशोधकांनी, रक्तद्रवातील बहुतांश मायक्रो-आरएनए पुटिकांत नसून आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाला चिकटलेले असतात, असे दाखवले. त्याच गटाने २०१४ मध्ये साधा हिशेब मांडला. पुटिकांची संख्या आणि त्यांतील आरएनएची संख्या मोजून त्यांनी भागाकार केला. एखाद्या मायक्रो-आरएनएचा एक रेणू सापडण्यासाठी सरासरी शंभराहून अधिक पुटिका तपासाव्या लागतील, असे उत्तर आले. आणि तेही विपुल आढळणाऱ्या मायक्रो-आरएनएबाबत. टपालाच्या शंभर पाकिटांत नव्व्याण्णव रिकामी निघावीत, तशातला हा प्रकार. २०१९ मध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातील गटाने अधिक काटेकोर पद्धतीने पुटिका वेगळ्या काढल्या. तेव्हा आजवर एक्झोसोमच्या नावावर जमा असलेली कित्येक प्रथिने आणि दुपदरी डीएनए त्यांत नसल्याचे आढळले. हे शोध पुटिकांचे महत्त्व पुसून टाकतात, असे कोणी समजू नये. निवड केल्याशिवाय भाव करण्याची किंमत किती मोठी असते, एवढेच ते सांगतात.

या क्षेत्रातील संशोधकांनी स्वतःच हे ओळखून आवर घालण्याचा प्रयत्न केला, ही गोष्ट त्यांना भूषणावह आहे. आंतरराष्ट्रीय पेशीबाह्य पुटिका संस्थेने २०१४ मध्ये पुटिकांविषयी विधान करण्यापूर्वी किमान काय दाखवले पाहिजे याची पहिली यादी प्रसिद्ध केली. २०१८ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती निघाली; तिच्यावर ३८०हून अधिक संशोधकांची नावे होती. २०२३ची म्हणून ओळखली जाणारी आवृत्ती २०२४ मध्ये छापली गेली आणि तिला हजाराहून अधिक जणांचा हातभार लागला. इतक्या शास्त्रज्ञांचे एका कागदावर एकमत होणे हाच मुळात एक चमत्कार म्हणायचा! या यादीचा गाभा सोपा आहे. मूळ नमुना काय, किती आणि कसा घेतला ते सांगा. पुटिका वेगळ्या काढण्याची पद्धत दुसऱ्याला तशीच करता येईल इतक्या तपशिलाने लिहा. जे मिळाले त्यात पुटिकांच्या खुणा असलेली प्रथिने आहेत हे दाखवा, आणि त्याबरोबरच जे असू नये ते किती आहे हेही दाखवा. एकाच यंत्रावर विसंबू नका. पुटिका पेशीच्या नेमक्या कोणत्या भागात जन्मली हे सिद्ध केल्याखेरीज तिला ‘एक्झोसोम’ म्हणू नका; ‘पेशीबाह्य पुटिका’ हे व्यापक नाव वापरा.

यांतील ‘जे असू नये ते किती आहे’ ही अट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत नावडती आहे. आपल्या मालात काय चांगले आहे हे सांगायला सर्वच तयार असतात. खडे किती निघाले हे विचारल्यावर मात्र वेळ लागतो.

वस्तुस्थिती काय होती, याचा पुरावा २०१७ मध्ये मिळाला. बेल्जियममधील घेंट येथील संशोधकांच्या पुढाकाराने १,२२६ निबंधांतील १,७४२ प्रयोगांची छाननी झाली. पद्धतींत कमालीची विविधता आणि महत्त्वाच्या तपशिलांच्या नोंदींत कमालीची विसंगती आढळून आली. त्यातूनच प्रयोगाचे तपशील एका सामाईक कोशात नोंदवून नऊ मुद्द्यांवर त्यांचे मापन करण्याची व्यवस्था उभी राहिली. ती ऐच्छिक आहे. ऐच्छिक शिस्तीचे जे होते ते येथेही होते: ज्यांना तिची गरज कमी, तेच ती आधी पाळतात.

अलिबागचा दाखला

मोजमापाची शिस्त म्हणजे काय, हे पाहण्यासाठी रायगड जिल्ह्याला परदेशात जाण्याचे कारण नाही. मुरुडहून पन्नासेक किलोमीटरवर अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत कुलाबा येथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे १८४१पासून घेतली जात होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत विजेच्या ट्राम आणण्याचे घाटू लागले आणि त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म चुंबकीय मोजणी बिघडणार, हे उघड झाले. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवण्यात आले. इमारत चुंबकीय दोष नसलेल्या पोरबंदरी दगडाची बांधली. पण खरी दृष्टी दिसली ती पुढेच. अलिबाग सुरू झाले म्हणून कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली आणि जुन्या-नव्या आकड्यांचा संबंध पक्का करून घेतला. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. या दोन वर्षांच्या दुहेरी कामामुळेच कुलाबा-अलिबागची नोंद अखंड मालिका म्हणून आजही जगभर वापरली जाते.

ट्राम रुळावर येण्याआधीच तिचा आपल्या मापनावर काय परिणाम होईल, याचा विचार त्या माणसांनी केला. पुटिकांच्या क्षेत्रात नेमके उलटे घडले. ट्रामगाड्या आधी धावू लागल्या, निबंधांचे ढीग साचले, कंपन्या निघाल्या, आणि मग मोजणी कशी करावी याची चर्चा सुरू झाली. आजही दोन प्रयोगशाळांनी एकच नमुना वाटून घेऊन, आपापल्या पद्धतीने तपासून, आकडे समोरासमोर ठेवावेत, हे काम दुय्यम दर्जाचे मानले जाते. त्याला पारितोषिक नाही, नवे अनुदान नाही. शोध लावणाऱ्याचे नाव होते, तराजू तपासणाऱ्याचे होत नाही.

महाराष्ट्रातील आणखी एक जुने उदाहरण येथे आठवावे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ खेडुतांच्या तोंडाच्या तपासणीवर आधारलेला मुखकर्करोग व पूर्वलक्षणांविषयीचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आजच्यासारखी कोणतीही झगझगीत यंत्रणा नव्हती. परंतु तोंडातील कोणत्या पांढऱ्या चट्ट्याला पूर्वलक्षण म्हणायचे आणि कोणत्याला नाही, हे सर्व तपासनिसांनी एकाच रीतीने ठरवल्याशिवाय लाखभर तोंडांच्या त्या बेरजेला काही अर्थच उरला नसता. पुढे केरळात तिरुवनंतपुरम येथे झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांत केवळ डोळ्यांनी तोंड तपासण्याच्या मोहिमेने मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे त्यात दिसले. पुटिकांच्या चाचणीला मुरुडमध्ये स्थान मिळवायचे असेल, तर तिने आपली तुलना हातातल्या विजेरीशी आणि प्रशिक्षित डोळ्याशी करून दाखवली पाहिजे. काहीच नसण्याशी तुलना करून जिंकणे सोपे आहे.

चाचणी थोडीशी चुकली तर बिघडले कोठे, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहावा. समजा, हजार माणसांत दोघांना रोग आहे आणि चाचणी शंभरात पंचाण्णव वेळा बरोबर ठरते. ते दोघे बहुधा सापडतील. पण उरलेल्या ९९८ निरोगी माणसांपैकी सुमारे पन्नास जणांना ‘तुम्हाला कर्करोग असावा’ असे सांगितले जाईल. ही पन्नास माणसे मग कोळीवाड्यातून, वाड्यांतून उठून, उसनवारी करून, खारघर-परळच्या रांगेत उभी राहतील. पंचाण्णव टक्के हा आकडा कागदावर देखणा दिसतो, त्याचे ओझे कोणाच्या पाठीवर पडते ते कागदावर दिसत नाही. आणि हा आकडाही मुंबईत, उपाशीपोटी घेतलेल्या, तासाभरात थंड केलेल्या नमुन्यांवर आलेला असेल, तर मुरुडमध्ये तो तेवढाही टिकणार नाही.

अर्धवट ज्ञानाची बाजारपेठ

प्रमाणे सैल राहिली की सर्वांत आधी फावते ते विक्रेत्यांचे. चेहरा तरुण करणारे, केस उगवणारे, गुडघ्याची झीज भरून काढणारे ‘एक्झोसोम’ आज मोठ्या शहरांतील दवाखान्यांतून विकले जातात. उंदरांच्या मूळ पेशींवरील प्रयोगापासून माणसाच्या गालापर्यंतचे अंतर जाहिरातीच्या एका ओळीत कापले जाते. त्या कुपीत पुटिका किती, चरबीचे कण किती, कोणत्या प्राण्याच्या वा वनस्पतीच्या पेशींपासून त्या काढल्या, जंतूंची तपासणी झाली काय, हे विचारले तर पुष्कळदा उत्तर मिळते ते अब्जांच्या आकड्यात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९मध्ये यासंबंधी जाहीर इशारा दिला होता. नेब्रास्का राज्यात अशी मान्यता नसलेली उत्पादने वापरलेल्या रुग्णांत गंभीर दुष्परिणाम झाल्याचे वृत्त त्यामागे होते. एकाही एक्झोसोम उत्पादनाला मान्यता दिलेली नाही, हेही त्या प्रशासनाने तेव्हा स्पष्ट केले.

भारतात कायदा अगदीच मुका आहे असे नाही. नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या यांविषयीच्या २०१९च्या नियमांनी, औषध म्हणून वापरायच्या मूळ पेशीजन्य उत्पादनाला ‘नवे औषध’ ठरवले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही मूळ पेशींचा मान्यताप्राप्त उपयोग अगदी मोजक्या रक्तविकारांपुरता सीमित करून बाकी सारे चाचणीच्या चौकटीत बसवले आहे. मूळ पेशींच्या पुटिका या चौकटीच्या आत मानाव्यात हे सरळ दिसते. पण गुलाबाच्या किंवा माशाच्या पेशींच्या पुटिका म्हणून विकल्या जाणाऱ्या कुपीचे काय? प्रसाधन म्हणून आणलेली आणि प्रत्यक्षात सुईने टोचलेली वस्तू कोणत्या खात्यात धरायची? या फटींतूनच व्यापार वाहतो. या फटी बुजवण्यासाठी निरीक्षकाच्या हाती आधी एक मोजमाप हवे. कुपीत जे आहे म्हणून लिहिले ते खरोखर आहे काय, हे कोणत्या पद्धतीने तपासावे, हे ठरलेलेच नसेल तर खटला कशाच्या आधारे उभा राहणार? संशोधनाची प्रमाणे आणि ग्राहकाचे संरक्षण या दोन बाबी येथे एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

प्रमाणांविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात आणि त्यांची दखल घेणे न्याय्य होईल. पहिला पैशाचा. महागडी यंत्रे, दोन-दोन पद्धतींनी पडताळा, हे श्रीमंत देशांना परवडते. आपल्या विद्यापीठांतील प्रयोगशाळांनी काय करावे? या आक्षेपात थोडे सत्य आहे. परंतु यादीतील पुष्कळशा बाबींना कागद आणि प्रामाणिकपणा यांपलीकडे काही लागत नाही. रक्त किती वाजता घेतले, रुग्ण उपाशी होता की नाही, नमुना किती तासांनी आणि कोणत्या तपमानाला ठेवला, कितीदा गोठवून वितळवला, सेंट्रिफ्यूजमध्ये कोणती नळी वापरली, हे लिहिण्यास अनुदान कशाला हवे? दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. याद्या आल्या की त्या भरण्याचा यांत्रिक उद्योग सुरू होतो, चौकटीत खुणा केल्या म्हणजे विज्ञान झाले असे वाटू लागते, आणि चौकटीबाहेरची नवी कल्पना मारली जाते. ही भीती निराधार नाही. म्हणूनच २०२३च्या यादीनेही आपली भूमिका शिफारशींची ठेवली आहे. पण अट आणि नोंद यांत फरक करता येतो. कोणती पद्धत वापरावी याची सक्ती नको. वापरली ती उघड करण्याची सक्ती मात्र हवीच.

अशी सक्ती आपल्याकडे अपरिचित नाही. १५ जून २००९पासून औषधांच्या चाचण्या सुरू करण्यापूर्वी राष्ट्रीय नोंदवहीत त्यांची नोंद करणे औषध महानियंत्रकांनी अनिवार्य केले. तेव्हाही कुरकुर झाली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जैवतंत्रज्ञान विभाग आणि २०२३च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान यांच्याकडून पुटिकांच्या संशोधनाला जो पैसा जातो, त्याच्या शेवटच्या हप्त्यासाठी सामाईक कोशातील नोंद ही अट घातली तर फारसे बिघडणार नाही. पीएच.डी.साठी निबंध छापून येण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या विनियमांत काढून टाकली. घाईने छापण्याचे एक निमित्त त्यामुळे निदान कागदोपत्री तरी कमी झाले आहे. त्या मोकळ्या जागेत एखाद्या विद्यार्थ्याने केवळ पद्धतींची तुलना करणारा प्रबंध लिहिला, तर मार्गदर्शकाने नाक मुरडू नये.

मात्र दिल्लीची अट आणि पुण्या-मुंबईची शिस्त एवढ्याने मुरुडचा प्रश्न सुटत नाही. आजवरच्या बहुतेक प्रमाणांनी गृहीत धरलेला नमुना मोठ्या रुग्णालयातला आहे: शेजारच्या खोलीत सेंट्रिफ्यूज, त्याच्या पलीकडे उणे ऐंशी अंशांचे शीतपेटक आणि न जाणारी वीज. मुरुडचा नमुना तसा नसतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले, सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. वादळ रोज येत नाही हे खरे; पण कोकणच्या पावसाळ्यात वीज जाणे ही घटना नसून रीत आहे. मुरुडच्या लाळेत चुना, कात, हिरड्यांचे रक्त आणि त्या तोंडाचे स्वतःचे जिवाणू असतील. रक्ताची कुपी वाटेत हिंदकळेल. न घुसळलेल्या रक्तात मागे राहिलेल्या रक्तबिंबिका वाटेत आणि गोठवताना नव्या पुटिका सोडतील. त्या रोगाच्या नसतील, प्रवासाच्या असतील. अशा पुटिकांना रोगाचे लक्षण समजणारी चाचणी रुग्णाचा आजार सांगण्याऐवजी रस्त्याची अवस्था सांगेल.

याचा उपाय महाग नाही, कष्टाचा आहे. तालुक्याच्या रुग्णालयात एकाच व्यक्तीकडून एकाच वेळी दोन कुप्या घ्याव्यात. एक तेथेच, लहान सेंट्रिफ्यूजवर, तासाभरात फिरवून थंड करावी. दुसरी तशीच एसटीच्या वेळापत्रकाने खारघरला जाऊ द्यावी. मग दोहोंतील पुटिका, चरबीचे कण, रक्तबिंबिकांच्या खुणा आणि जिवाणूंचा अंश एकाच हाताने मोजावा. हे उन्हाळ्यात करावे, भर पावसात करावे, जेवणाआधी करावे आणि जेवणानंतरही करावे. सुपारी खाणाऱ्यांकडून तोंड धुण्यापूर्वी आणि धुतल्यानंतर लाळ घ्यावी. शेदोनशे माणसांवर वर्षभर असे काम झाले, तर कोणत्या खुणा प्रवासात टिकतात आणि कोणत्या टिकत नाहीत, याची एक यादी हाती येईल. आणि टिकणाऱ्या खुणांवरच पुढची चाचणी बांधता येईल. या कामासाठी लागणारे मोठे यंत्र खारघरच्या केंद्रासारख्या ठिकाणी असू शकते, नोंदी ठेवणारी परिचारिका मुरुडमध्येच असावी लागेल, आणि तिचे नाव निबंधाच्या शेवटी आभारांत घालायचे की लेखकांच्या यादीत, हेही आरंभीच ठरवून घेतलेले बरे.